पोर्सेलिनचे पैसे घेतले, लावलं कंपोझिट: व्हिनियर करण्याआधी हे तपासा

लग्नसराई जवळ आली की कोल्हापुरात मोबाईलवर जाहिराती दिसू लागतात: आठ दात, पोर्सेलिन व्हिनियर, एका दिवसात नवं हास्य, आजीवन गॅरंटी. व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच. अशाच एका पॅकेजमध्ये शहरातली एक तरुणी फसली. तिचे समोरचे दोन दात जरा तिरके होते आणि बाकीच्यांवर पिवळट झाक होती, एवढीच तक्रार. सकाळी खुर्चीत बसवून आठ दात बरने (कोरायच्या फिरत्या टोकाने) कमी केले आणि संध्याकाळी पांढरेशुभ्र दात घेऊन ती घरी आली. एक्स-रे काढला नाही, माप घेतलं नाही. पावतीवर फक्त 'स्माईल डिझाईन' आणि रक्कम. काही महिन्यांत चहा-हळदीने कडा पिवळ्या पडल्या, ऊस सोलताना एक तुकडा उडाला, थंड पाण्याने कळ मारू लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं की दातांवर पोर्सेलिन नव्हतंच, कंपोझिट होतं. आणि त्याखालचे दात कॅपसाठी (पूर्ण दातावर बसवायच्या टोपीसाठी) करतात तेवढे बारीक केलेले होते.

या दोन फसवणुकी वेगवेगळ्या आहेत. पहिली पैशाची. कंपोझिट म्हणजे दात भरायला वापरतात तेच रेझिन, थराथराने लावून निळ्या लाईटने घट्ट करतात. ते वाईट नाही. स्वस्त आहे, एका बैठकीत होतं, तुटलं तर जागेवर दुरुस्त होतं, बऱ्याचदा दात कोरावाही लागत नाही. पण ते डाग धरतं, चकाकी हरवतं आणि साधारण पाच-सात वर्षांत बदलावं लागतं. पोर्सेलिन रंग धरत नाही आणि नीट बसवलं तर दहा वर्षांनंतरही बहुसंख्य व्हिनियर शाबूत असतात. म्हणून त्याचा दर जास्त. तो दर घेऊन कंपोझिट लावणं ही सरळ लूट आहे.

दुसरी फसवणूक दाताची, आणि ती भरून निघत नाही. व्हिनियरसाठी दाताच्या फक्त पुढच्या बाजूचं एनॅमल (दातावरचा कठीण थर) 0.3 ते 0.5 मिलिमीटर आणि टोकाकडचं थोडं जास्त काढतात. कॅपसाठी दात चहूबाजूंनी एक ते दीड मिलिमीटर किंवा त्याहून जास्त कमी करावा लागतो. हिरडीजवळ एनॅमलच मुळात अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यापुढे बर गेला की डेंटिन (एनॅमलखालचा मऊ थर) उघडं पडतं. तिथे चिकटपणा कमजोर पडतो, दात शिवशिवतो आणि कधी नस दुखावून रूट कॅनॉल करावं लागतं. एनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून 'व्हिनियर' सांगून कोणी चारही बाजूंनी दात कोरत असेल, तर खुर्चीतच हात वर करून काम थांबवा.

खरं काम कसं चालतं ते माहीत असलं की खोटं लगेच उघडं पडतं. आधी एक्स-रे, हिरड्यांची तपासणी, फोटो आणि माप. मग मेणाचा नमुना आणि त्यावरून तोंडात मॉक-अप, म्हणजे दात न कोरता नवा आकार आरशात बघायला मिळतो. तो पसंत पडल्यावरच बर हातात घेतात. नंतर पुन्हा माप किंवा स्कॅन, तात्पुरती व्हिनियर, आणि लॅबमधून पक्की आली की आधी ट्राय-इन पेस्टने (पक्की न चिकटवणाऱ्या तात्पुरत्या पेस्टने) रंग दाखवणं. बसवताना पोर्सेलिनच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड आणि सिलेन (चिकटपणा वाढवणारं द्रव), दातावर 37 टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, मग बाँड आणि रेझिन सिमेंट. हे सगळं रबर डॅम (दात लाळेपासून वेगळे ठेवणारा रबरी पडदा) लावून, कारण लाळेचा थेंब लागला तरी चिकटपणा जातो. घाईघाईत बसवलेलं व्हिनियर निघून येतं ते बहुतेक इथेच. 'झिर्कोनिया जास्त मजबूत' म्हणून ते कठीण सिरॅमिकच गळ्यात मारत असतील, तर लक्षात ठेवा: त्यात काच नसल्यामुळे ते हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडने खरखरीत होत नाही आणि चिकटवण्याची पद्धत वेगळी लागते.

दवाखान्यात स्कॅनर आणि मिलिंग मशीन (ठोकळ्यातून व्हिनियर कोरणारं) असेल तर पोर्सेलिनही एका दिवसात होऊ शकतं. मग ते मशीन दाखवायला सांगा. नसेल, आणि पेस्ट लावून थेट लाईट मारत असतील, तर ते कंपोझिट आहे, नाव काहीही सांगोत.

कोरण्याआधी एका कागदावर एवढं लिहून मागा: कोणते दात (क्रमांकासह), कोणतं साहित्य (फेल्डस्पॅथिक की लिथियम डायसिलिकेट, हे व्हिनियरच्या सिरॅमिकचे दोन प्रकार), किती कोरणार, लॅबचं नाव, शेड (रंगछटा), प्रत्येक दाताचा दर. काम झाल्यावर लॅबचं बिल किंवा बॅच नंबरचं कार्ड घ्या. 'आजीवन गॅरंटी' कशाची तेही विचारा. लॅबची हमी असलीच तर व्हिनियरच्या तुकड्याची असते, त्याखालच्या दाताला कीड लागली किंवा हिरडी मागे सरकली तर तिचा काही उपयोग नाही.

आणि मुळात गरज आहे का? बाहेरचे डाग किटण काढून, आतला पिवळेपणा ब्लीचिंगने, तिरके दात तार किंवा अलाइनरने (दातांवर घालायच्या पारदर्शक साच्याने) बरे होतात. झोपेत दात खाणाऱ्यांना, हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांना, वरखालचे दात टोकाला टोक भिडणाऱ्यांना व्हिनियर लगेच नकोच. आपल्याकडे दोन सवयींचा विचार हवा. वर्षानुवर्षं मिश्री घासणाऱ्यांचं हिरडीजवळचं एनॅमल झिजलेलं असतं, तिथे चिकटायला जागाच कमी उरते. आणि समोरच्या दातांनी ऊस सोलणं, मटणाची नळी फोडणं कायमचं सोडावं लागतं. हे आधी न सांगणारा डॉक्टर फक्त विकतोय.

काम करणारी व्यक्ती नोंदणीकृत दंतवैद्य आहे का, हे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेच्या नोंदणी क्रमांकावरून तपासा. कायद्यानुसार नोंदणीशिवाय दातांवर उपचार करता येत नाहीत, 'स्माईल डिझायनर' असा फलक लावला तरीही.

फसवणूक झालीच असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार दंत परिषदेकडे वेगळी करावी लागते. मात्र दुसरीकडे दुरुस्ती करून घेण्याआधी जवळून फोटो काढा, एक्स-रे घ्या आणि तपासणाऱ्या डॉक्टरांकडून साहित्य काय आहे, दात किती कोरलेत, हे तारखेसह लेखी घ्या. तुटलेला तुकडा फेकू नका, डबीत जपून ठेवा. जुनं काढून नवं बसवलं की दातांवरचा पुरावा उरत नाही.