शिलाहारकालीन ठाण्यावरची एक कादंबरी: निराशा आणि तक्रार

मे महिन्याच्या सुट्टीत, आठवीत जाणाऱ्या भाचीसाठी म्हणून ही कादंबरी मी नौपाड्यातल्या एका दुकानातून घेतली. दुकानात ती कुमार वाङ्मयाच्या फळीवर मांडलेली होती. मुखपृष्ठावर तळ्याकाठी बसलेली तरुणी आणि मागे अर्धवट उभे राहिलेले देऊळ, तर मलपृष्ठावर शिलाहारकालीन ठाण्यातली अद्भुतरम्य प्रेमकथा अशी ओळख होती. ठाण्यात जन्म गेलेल्या माणसाला पुस्तक उचलायला एवढे पुरेसे होते. प्रकाशकांना मी सविस्तर पत्र पाठवले आहे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत पुस्तकाचे नाव येथे देत नाही.

कल्पना खरोखरच चांगली आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आणि शिलाहार घराण्यातल्या मम्वाणी राजाचे नाव आहे. कादंबरी त्या मंदिराच्या बांधकामाच्या दिवसांत घडते. नायिका पाथरवटाची वीस वर्षांची मुलगी, तर नायक ठाण्यातल्या मासुंदा तळ्याच्या तळाशी राहणारा नागराजपुत्र. पहिली चाळीस पाने मी एका बैठकीत वाचली. गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्या घडवताना वडिलांच्या हातातली छिन्नी निसटते, तेव्हा मुलगी आधी दगडाला तडा गेला का ते पाहते आणि मग वडिलांच्या बोटाकडे. त्या एका प्रसंगात त्या घराचे सगळे जगणे दिसते. लेखिकेच्या हातात बळ आहे, म्हणूनच पुढचे पुस्तक वाचून जास्त वाईट वाटले.

कारण पुढे इतिहास केवळ पडद्यापुरता उरतो. अकराव्या शतकातली ही मुलगी पाट्यावर लाल मिरचीचा ठेचा वाटते, आणि मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे १४९८ नंतर. राजसभेत मुजरे घातले जातात, हुजूर म्हटले जाते. अद्भुत कथेत नाग बोलला तर माझी काही हरकत नाही, पण स्वयंपाकघर तरी त्या काळातले हवे. तेच खोटे निघाले की नागावरही विश्वास बसत नाही.

याहून मोठी चूक वेगळीच आहे. शिलाहार आपल्या लेखांत स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवतात आणि त्यांच्या ध्वजावर सुवर्णगरुड असे. जीमूतवाहन हा विद्याधर राजपुत्र; गरुडाचे भक्ष्य म्हणून नेमलेल्या एका नागाला वाचवण्यासाठी तो स्वतः शिळेवर जाऊन बसला. गरुडध्वजाच्या राज्यात नागाने माणसाच्या मुलीवर जीव लावावा, आणि त्या राजघराण्याचा मूळपुरुष मात्र नागासाठी देह देणारा असावा, यापेक्षा सरस कथाबीज कुणाला हवे होते? चारशे पानांत या कथेचा उल्लेखही नाही.

उल्लेख असता तर कदाचित नायकही वेगळा घडला असता. जीमूतवाहन दुसऱ्यासाठी स्वतःचा देह देतो. हा नागराजपुत्र मात्र मुलीला पळवून नेतो, तिला औषधी पाजून तिच्या घराची आठवण पुसून टाकतो आणि त्या अवस्थेत तिच्याशी शय्यासंबंध ठेवतो. हे प्रसंग तीन प्रकरणांत, बारीक वर्णनासह येतात. एकदा ती हात सोडवून घेते, तेव्हा निवेदनात तिला लाजरी म्हटले आहे. शेवटी आठवण परत आल्यावर ती त्याला दोन ओळींत क्षमा करते आणि पुस्तक या सगळ्याला जन्मोजन्मीचे प्रेम म्हणते.

शृंगाराला माझा विरोध नाही. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती याच मातीतली. तिच्यात बायका आपली ओढ आणि आपला राग स्वतःच्या तोंडाने सांगतात. या कादंबरीतल्या मुलीला काय हवे आहे, हे तिला एकदाही कुणी विचारत नाही.

भाचीने निम्मे पुस्तक वाचून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “मावशी, हिला काही आठवतच नाही, मग तो आवडतो हे हिला कसं कळलं?” तेरा वर्षांच्या मुलीला जे खटकले, ते हस्तलिखित वाचणाऱ्या संपादकांना खटकू नये, याचे मला फार दुःख झाले. तिला मी खरे ते सांगितले, की याला प्रेम म्हणत नाहीत. आणि पुस्तक आधी न वाचता तिच्या हातात दिले ही माझी चूक होती, हेही सांगितले.

चित्रपटाला वयानुसार प्रमाणपत्र असते, ओटीटीवरच्या मालिकांनाही २०२१च्या नियमांपासून वयोगट लिहावा लागतो. पुस्तकाला असे कायद्याचे बंधन नाही, आणि ते असावे असेही माझे म्हणणे नाही. परंतु ‘प्रौढ वाचकांसाठी’ हे दोन शब्द मलपृष्ठावर छापायला वेगळा खर्च येत नाही. दुकानदारांना मी ती तीन प्रकरणे दाखवली. त्यांनी ती उभ्यानेच चाळली आणि उरलेल्या चार प्रती माझ्यासमोर कुमार विभागातून काढून कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवल्या. माझी प्रत मी परत केलेली नाही; पहिल्या चाळीस पानांसाठी ती माझ्याकडे राहील. भाचीला आता जीमूतवाहनाची गोष्ट हवी आहे, आणि येत्या रविवारी आम्ही अंबरनाथला जाणार आहोत.