पाऊस अडवणारे, घामही अडवणारे: एका पावसाळी जॅकेटचा अनुभव

पावसाळी भटकंतीसाठीचे हे जॅकेट यंदा इंदुरातच घेतले आणि चार रविवारी ते घालून जवळचा जानापावचा डोंगर व पाताळपाणीचा धबधबा येथे हिंडून आल्यावर हे लिहीत आहे. किंमत ३,२०० रुपये. आतल्या चिठ्ठीवर दोन आकडे छापलेले आहेत: १०,००० मिलिमीटर आणि ५,००० ग्रॅम. पहिल्याचा अर्थ असा की कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपू नये. दुसऱ्याचा असा की चोवीस तासांत एक चौरस मीटर कापडातून पाच किलो वाफ बाहेर पडावी.

पहिल्या आकड्याबाबत तक्रार नाही. जानापावच्या चढावर तासभर पावसाने झोडपले, तरी खांद्यातून थेंबही आत आला नाही, कारण सर्व शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे. दुकानात जॅकेट उलटे करून ही पट्टी अवश्य पाहावी. पाणी शिरते ते बहुधा सुईच्या भोकांतून. वर पोहोचलो तेव्हा मात्र बाह्या आतून ओल्या होत्या, आणि तो पाऊस नव्हता, घाम होता.

हे दुखणे जुने आहे. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले, तेव्हापासून पाऊस अडवणारा कोट घामही अडवत आला आहे. शिवाय ते रबर उन्हात चिकट आणि थंडीत ताठ होई. टॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये गॅबर्डीन काढले, त्यात सूत आधीच जलरोधक करून मग घट्ट विणल्यामुळे रबराची गरज उरली नाही आणि अंगाला थोडी हवा मिळू लागली. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेले ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांच्या अंगावर गॅबर्डीनच होते. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळवला, ज्यातून वाफ जाते पण थेंब जात नाही. माझ्या जॅकेटला तो पापुद्रा नाही, पॉलियुरेथेनचा स्वस्त लेप आहे.

तथापि महागडा पापुद्रा घेतला असता तरी फार फरक पडला असता असे वाटत नाही. आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी असेल तरच वाफ बाहेर जाते. माळव्याच्या श्रावणात बाहेरची हवाच ओलीचिंब असताना ती जाणार कोठे? दुकानदार हे सांगत नाही. आमची आजी घोंगडीची खोळ घेऊन भर पावसात शेतावर जात असे. ती भिजून जड होई खरी, पण खालून मोकळी असल्याने घुसमट होत नसे. तेच काम जॅकेटात काखेखालची चेन करते. या जॅकेटला ती नाही, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

तिसऱ्या फेरीनंतर बाहेरचे कापड पाणी पिऊ लागले. सौम्य साबणाने धुऊन, वर सुती फडके ठेवून मंद इस्त्री फिरवल्यावर थेंब पुन्हा घरंगळू लागले. टोपीचा पुढे आलेला काठ आखूड आहे, त्यामुळे चष्मेवाल्यांची पंचाईत होते.

काखेत चेन बसवून देण्याविषयी राजवाड्याकडच्या दोन शिंप्यांना विचारले. शिवणीवर पट्टी चिकटवण्याचे यंत्र नसल्याने दोघांनीही नकार दिला.