सिमेंट पत्रे ‘सुरक्षित’ काढून देणारा ठेकेदार आणि आमचे १,३०,००० रुपये

नाव लिहीत नाही, पण सावध करतोय. मृगाआधी शेडचे पत्रे बदलायची घाई सोलापुरात सगळ्यांनाच असते आणि असले ठेकेदार नेमके त्याच दिवसांत उगवतात.

अक्कलकोट रोडकडचं यंत्रमागाचं जुनं शेड, २,४०० चौरस फूट. साधा मुकादम १२ रुपये फुटाने पत्रे उतरवायला तयार होता. तरी या ठेकेदाराला ४५ चा दर कबूल केला तो उगाच नाही. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनीही निघतो, आणि खाली माणसं राबतात. काढणी १,०८,०००, तपासणी ६,५००, विल्हेवाट ३२,०००, एकूण १,४६,५००. आगाऊ ९०,००० दिले, पत्रे उतरल्यावर ४०,०००.

रिपोर्ट आला: क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, १२ टक्के. शिक्का, सही, सगळं झकास. पण नमुना? नमुना कुणी घेतलाच नव्हता! त्याचा पोरगा खालून मोबाइलवर फोटो काढून गेला होता. फोटोवरून टक्केवारी निघते का? तिथंच त्याला हाकलायला हवं होतं, हे आता सगळेच शहाणे सांगतात. आकडा पटला, कारण असल्या पत्र्यात साधारण तेवढंच असतं; म्हणूनच तो कुणीही घरी बसून लिहू शकतो. खऱ्या तपासणीत तुटक्या कोपऱ्यावर पाणी मारून छोटा तुकडा घेतात, दोन पिशव्यांत बंद करून क्रमांक घालतात, आणि लॅब पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपखाली तंतू बघते. रिपोर्टवर नमुन्याचा क्रमांक आणि पद्धत नसेल तर त्यात भजी गुंडाळा. खरं तर पत्रे जुने असतील तर हा खर्चच करू नका, अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला.

कामाच्या दिवशी सहा मजूर, तोंडाला रुमाल आणि हातात ग्राइंडर. पत्रे धरून ठेवणारे गंजलेले जे-बोल्ट (J आकाराचे आकडे) कापताना चकती पत्र्यात घुसत होती, धूर निघावा तशी धूळ. बोल्ट कटरने तोडायचे असतात, तेही पत्रा भिजवून. पाण्यात थोडा साबण, आणि साध्या फवारणी पंपाने. प्रेशर वॉशर मारला तर तंतू मोकळे होऊन भिंतीभर उडतात. पत्रा अख्खा उतरवायचा, फोडायचा नाही, वरून फेकायचा तर नाहीच. आणि उघड्या पत्र्यावर पाय ठेवू नका, जुना पत्रा पर्लिनच्या, म्हणजे खालच्या आधाराच्या आडव्या दांड्यांच्या, मधे सरळ फुटतो. फळ्या टाकूनच चढायचं. रुमालाचा उपयोग शून्य. मास्कवर आयएस ९४७३ (मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी३ (त्यातला सगळ्यात वरचा वर्ग) लिहिलेलं बघा, आणि दाढी असेल तर तोही बसत नाही.

खालचे माग आणि सुताचे बीम झाकले नव्हते. संध्याकाळी त्यांनी खराट्याने झाडून काढलं आणि कंप्रेसरची हवा मारली, तूस उडवतो तशी. याहून वाईट काही करता येत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकीही पिशवीबंद टाकायची. साधा व्हॅक्यूम नको, तो तंतू मागून बाहेर फेकतो. हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणाऱ्या, फिल्टरचाच लागतो.

मग विल्हेवाटीची पावती: ९०० किलो. अहो, तीन मीटरचा सहा मिलिमीटर पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो. आमचे ८० होते. तीन टनांच्या वर माल! उरलेला कुठं गेला ते पुढे कळलं: चांगले पत्रे २५० रुपयांना एक या भावाने झोपड्यांवर चढले, तुकडे भरावात गेले. जाड प्लास्टिकचे दोन थर गुंडाळून टेप मारायचं कबूल केलं होतं. प्लास्टिकचा एक रोलसुद्धा आणला नव्हता.

तक्रार? पहिल्या कार्यालयात म्हणाले, हा बांधकामाचा राडारोडा, आमचा विषय नाही. ज्यांचा विषय तिथं म्हणाले, हा घातक कचरा, पहिल्यांकडेच जा. कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्यांचा प्रश्न होता, कारखाना त्या दिवशी चालू होता का? नव्हता, मग कामगार कुठले? म्हणजे छपरावरची सहा माणसं कोण? पोलीस ठाण्यात तर ‘दिवाणी आहे, वकील गाठा’ एवढ्यावर बोळवण. सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग म्हटलाय. पण इथं टेबलावर कुणाचं पत्र कुठल्या फायलीला लावायचं एवढंच ठरत नाही. लेखी पोच मागितली की साहेब बाहेर गेलेले असतात. पोच तरीही घ्याच.

विल्हेवाटीचा पैसा आगाऊ देऊ नका. २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्याच्या वाहतुकीला फॉर्म १० असतो: पिवळी प्रत पाठवणाऱ्याकडे राहते, निळी माल पोचल्यावर परत येते. करारातच लिहून घ्या की वजनकाट्याची पावती आणि ती निळी प्रत हातात आल्याशिवाय पैसे नाहीत.

तो आता उरलेल्या १६,५०० साठी फोन करतोय. निळी प्रत घेऊन ये म्हटलं, तिथल्या तिथं मोजून देतो.