जाड झालेला हृदयपडदा: अल्कोहोल की शस्त्रक्रिया?

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आनुवंशिक विकारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड होऊन रक्ताची वाट अडवतो आणि औषधांनीही दम लागणे थांबत नाही, तेव्हा मायेक्टॉमीचा विचार होतो. तीत छाती उघडून जादा स्नायू कापतात. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप सदोष असल्यास तीही त्याच वेळी दुरुस्त करता येते. हृदयरोगतज्ज्ञ उलरिच सिग्वार्ट यांनी १९९४ मध्ये लंडनमध्ये प्रथम केलेल्या सेप्टल अब्लेशनमध्ये मात्र कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, पडद्याच्या धमनीत साधारण १ ते ३ मिलिलिटर अल्कोहोल सोडतात, आणि जाणूनबुजून छोटा हार्ट अटॅकच घडवून तिथला जाड स्नायू मारतात. छातीवर व्रण राहत नाही आणि घरी लवकर जाता येते, परंतु कायमचा पेसमेकर लागण्याची शक्यता अधिक असते. तरुण रुग्णासाठी, अनुभवी सर्जन उपलब्ध असल्यास, मला शस्त्रक्रियाच उजवी वाटते.