फेडरल अपील न्यायालयाच्या दोन वाटा: श्रीनिवासन आणि थापर

अमेरिकेत कायदा शिकता शिकता फेडरल अपील न्यायाधीश व्हायची इच्छा मनात धरली असेल, तर श्रीकांत ऊर्फ 'श्री' श्रीनिवासन आणि अमूल थापर यांच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघेही भारतीय वंशाचे, पण वाटा अगदी वेगळ्या.

श्रीनिवासन जन्मले चंदीगडला, वाढले कॅन्ससमध्ये. स्टॅनफर्डमधून कायदा आणि एमबीए करून १९९५ मध्ये बाहेर पडले. मग चौथ्या सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे ठराविक भागासाठीचं फेडरल अपील न्यायालय) आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्या. सँड्रा डे ओ'कॉनर यांच्याकडे क्लर्कशिप, म्हणजे न्यायाधीशांच्या कायदेशीर सहायकाचं काम. सॉलिसिटर जनरलच्या, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या, कार्यालयातून आणि खासगी वकिलीत त्यांनी सर्वोच्च न्यायालयात सुमारे २५ प्रकरणं लढवली. खालच्या कोर्टात ते कधी न्यायाधीश नव्हते. तरी मे २०१३ मध्ये सिनेटने त्यांना डीसी सर्किटवर (राजधानी वॉशिंग्टनमधल्या अपील न्यायालयावर) ९७ विरुद्ध शून्य मतांनी पाठवलं.

थापर सरकारी वकील होते. २००६ मध्ये पूर्व केंटकीचे यूएस अॅटर्नी (तिथले मुख्य फेडरल सरकारी वकील), २००८ पासून तिथेच फेडरल जिल्हा न्यायाधीश. साक्षी ऐकणं, ज्युरी निवडणं, समोर उभ्या माणसाला शिक्षा सुनावणं, असं काम नऊ वर्षं केल्यावर २०१७ मध्ये ते सहाव्या सर्किटवर गेले. मतं ५२ विरुद्ध ४४.

मतांमधला हा फरक गुणवत्तेचा नाही. नोव्हेंबर २०१३ पासून अशा नेमणुकीवरची चर्चा संपवून मतदान घ्यायला साधं बहुमत पुरतं, त्यामुळे विरोधी पक्षाची मनधरणी करायची गरज उरली नाही.

राहायचं कुठे, हा प्रश्न विद्यार्थी फार उशिरा विचारतात. डीसी सर्किट सोडलं तर नेमणुकीच्या वेळी न्यायाधीश त्या सर्किटचा रहिवासी असावा लागतो. राज्याच्या सिनेटरांचा शब्दही वजनदार असतो. थापर यांच्या वेळी केंटकीचे मिच मॅकॉनेल सिनेटमधले बहुमताचे नेते होते. वॉशिंग्टन डीसीला मतदानाचा हक्क असलेले सिनेटरच नाहीत, म्हणून तिथे राष्ट्राध्यक्षांचा हात बराच मोकळा असतो आणि देशभरातले अव्वल वकील त्याच जागांवर डोळा ठेवतात.

सर्वोच्च न्यायालयातली क्लर्कशिप हाती असेल आणि लेखी युक्तिवादात खरोखर जीव रमत असेल, तरच पहिली वाट धरा. ती संधी शिक्षण संपल्यावर काही वर्षांतच येते किंवा निसटते. बाकीच्यांना मी दुसरी वाट सुचवेन. एखाद्या राज्यात मुळं रोवा, खटले चालवा. वरची नेमणूक राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट यांच्या हातात आहे आणि ती बहुतेकांना मिळत नाही. पण जिल्हा न्यायालयातली जागासुद्धा तहहयात असते, आणि बहुतेक पक्षकारांचा निकाल तिथेच लागतो.