शेवटच्या आजारात रुग्ण घरी बरा की दवाखान्यात?

'आता कॅन्सरवर उपचार उरले नाहीत' असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन तट पडतात. माय म्हणते घरी आणा, सुरतचा भाऊ म्हणतो मोठ्या दवाखान्यात ठेवा. दोघांचाही जीव तुटतच असतो. माझ्या मते आधी एवढंच बघावं: रात्री दोनला कळ उठली तर हाताशी काय आहे?

हाताशी मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, असेल तर घरच बरं. साधी गोळी चारेक तास पुरते, म्हणून घड्याळ बघून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. औषध डॉक्टरांच्या देखरेखीत चालू असेल तर व्यसनाच्या भीतीने माणसाला तळमळत ठेवू नका. गल्लीतल्या मेडिकलवर ही गोळी सहसा मिळत नाही. अमली पदार्थ कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं, त्यामुळे उपचार झाले तिथे किंवा जळगाव, धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करा. रुग्णाला न हलवता घरच्यांना औषध नेता येईल का, हेही विचारा.

गिळता येत नसेल तर फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची कातडीवर चिकटवायची पट्टी देतात, ती साधारण तीन दिवस चालते. पण उष्णतेने त्यातलं औषध जास्त वेगाने अंगात भिनतं. आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. बाज पत्र्याखाली नको, पट्टीवर शेक तर अजिबात नको. रुग्ण उठवूनही उठेना किंवा श्वास मंदावला तर पट्टी काढून लगेच डॉक्टरांना गाठा.

रक्तस्राव, न थांबणारी उलटी, धाप, भ्रम यांत दवाखानाच हवा. चार दिवस ठेवून त्रास आटोक्यात आला की परत आणता येतं. बरं होण्याची आशा नसताना आयसीयू मला पटत नाही: नळ्या रुग्णाला, घरचे काचेबाहेर, आणि बिलापायी शेत गहाण.

मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन 1986 पासून अशाच रुग्णांची सेवा करतं. घरी बघायला कुणीच नसेल तर तो आधार मोठा आहे, पण भुसावळहून रोज कोण जाणार?

नंदुरबारच्या डोंगराळ भागात, धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मात्र घरचा आग्रह मी धरणार नाही. जवळ नर्स किंवा डॉक्टर नसेल तर ग्रामीण रुग्णालयाजवळच्या नातलगाकडे ठेवा.

घरी मृत्यू झाला तर कागदांचं काय, ही धास्ती बऱ्याच जणांना असते. गावच्या डॉक्टरांना आजाराची फाईल आधीच दाखवून ठेवा, आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा.