बेकरी सामानाच्या दुकानातलं जिलेटिन: चांदीच्या नॅनोकणांसाठी घ्यावं का?

थेट सांगतो. एम.एस्सी.च्या पोरांकडून चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, करून घ्यायचे असतील तर केमिकल डीलरकडची महागडी बाटली मागवायची गरज नाही. लातूरला गंजगोलाईच्या आसपास केक-बिस्किटाचं सामान मिळतं, तिथलं खाण्याचं साधं जिलेटिन पुरतं. पाचपैकी चार गुण.

मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. नव्या धोरणात संशोधन प्रकल्प आल्यापासून निम्म्या पोरांना विषय ‘नॅनो’च पाहिजे असतो. सिल्व्हर नायट्रेटमधून चांदी मोकळी करायला आधी आम्ही सोडियम बोरोहायड्राइड वापरायचो. ते महाग, दमट हवेत खराब होणारं, पाण्यात पडलं की हायड्रोजन सोडणारं. त्यात कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आणखी एक रसायन टाका. जिलेटिन आणि ग्लुकोजची जोडी हे सगळं सांभाळते: ग्लुकोज चांदी मोकळी करतं, जिलेटिन कण वेगळे ठेवतं, आणि दोन्ही गोष्टी बाजारात मिळतात.

दुकानात मागताना मात्र नेमकं मागा. ‘जेली पावडर’ म्हणालात तर साखर-रंग घातलेलं लाल पाकीट हातात पडतं. आमचे दुकानदार काका तर आधी विचारतात, “सर, व्हेज देऊ का?” आणि चायना ग्रासची पुडी पुढे सरकवतात. चायना ग्रास म्हणजे अगर, समुद्री शेवाळापासून काढलेलं. ते प्रथिन नाही, त्यामुळे या कृतीत ते चालत नाही. आपल्याला हवं ते जनावरांच्या हाडा-कातड्यातल्या कोलॅजेनपासून काढलेलं, पाकिटावर मांसाहाराची तपकिरी खूण असलेलं. पोरांना हे आधीच सांगून टाकावं. गेल्या बॅचमधल्या एकीने विचारलंच, “सर, हे हाडाचं असतंय का?” असतं. तिने हातमोजे घातले, प्रयोग केला आणि तिच्याच बीकरमधला रंग सगळ्यात स्वच्छ निघाला.

बरणीतून काढून देतात ते सुटं जिलेटिन स्वस्त पडतं, पण घेऊ नका. सुट्या मालाचं द्रावण करून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले तर दुधाळ झाक आली. म्हणजे क्लोराइड आहे. चांदी कण व्हायच्या आधीच सिल्व्हर क्लोराइड होऊन बसते. सीलबंद दाणेदार पाकिटाचं द्रावण पारदर्शक राहिलं. डीलरकडच्या प्रयोगशाळेच्या जिलेटिनशी तुलना केली तर रंगात मला फरक दिसला नाही, किमतीत मात्र कित्येक पट दिसला. खर्च खरा सिल्व्हर नायट्रेटचा आहे. त्याच्या वजनात जवळजवळ ६३.५ टक्के चांदीच असते, त्यामुळे सराफ्यात भाव चढला की आमचं बिलही चढतं. पण लागतं किती? १०० मिलिलिटरला १७ मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिमोलर.

कृती अशी. एक ग्रॅम जिलेटिन १०० मिलिलिटर थंड डिस्टिल्ड पाण्यात फुगू द्या, मग ५०-६० अंशांवर विरघळवा. उकळू नका, साखळ्या तुटतात आणि जेलचा जोर जातो. सिल्व्हर नायट्रेट घाला, मग ग्लुकोज, शेवटी पातळ सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब, हलवत हलवत. आधी फिकट पिवळा, मग हळदीसारखा पिवळा, मग तपकिरीकडे झुकणारा रंग येतो. करडा झाला तर समजा कणांचे गठ्ठे झाले.

कण एकसारखे का निघतात, हे पोरांना समजावताना मजा येते. जिलेटिनच्या साखळीवरचे अमिनो आणि कार्बॉक्सिल गट चांदीचे आयन धरून ठेवतात. बीजं, म्हणजे चांदीचे पहिले बारीक पुंजके, एकदम, एकाच वेळी तयार झाली आणि नंतर नवी बनली नाहीत, तर सगळ्यांची वाढ सारखी होते. वाढणाऱ्या प्रत्येक कणाभोवती प्रथिनाचं आवरण बसतं, त्यामुळे शेजारी शेजाऱ्याला चिकटत नाही. द्रावण जास्त घट्ट करून थंड केलं की जाळी बनते आणि कण जागच्या जागी अडकून राहतात. ही युक्ती नवी नाही. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने फोटोच्या काचेवर सिल्व्हर ब्रोमाइड जिलेटिनमध्येच बसवलं होतं. जुन्या स्टुडिओतले कृष्णधवल फोटो म्हणजे जिलेटिनच्या थरातली चांदीच. आजोबांच्या लग्नाचा फोटो वर्गात आणून दाखवा, पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला पटतो.

तपासणी सोपी आहे. द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते दाखवणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर ४१० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर येतं. ते अरुंद आणि सुबक असेल तर कण बरेचसे सारख्या आकाराचे. पसरट असेल किंवा उजवीकडे शेपूट असेल तर नाहीत. द्रावणातल्या कणांनी प्रकाश विखुरला की लेसर पॉइंटरची रेघ दिसते, तो टिंडल परिणाम; पण ती रेघ दाखवून ‘टिंडल परिणाम, नॅनोकण सिद्ध’ असं लिहू नका. नुसतं जिलेटिनही थोडा प्रकाश विखुरतं, म्हणून शेजारी चांदी न घातलेलं कोरं द्रावण ठेवाच. आकाराचा आकडा छातीठोक लिहायचा असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय पर्याय नाही, आणि त्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागतो.

एक गुण कापला तो हवामान आणि पाण्यासाठी, म्हणजे खरं तर जिलेटिनचा दोष निम्माच. त्याचं जेल तिशीच्या पुढच्या तापमानात टिकत नाही. एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेत पंख्याखाली ते बसतच नाही, फ्रिज लागतो. साधं द्रावण दोन दिवसांत वास मारतं. बोअरचं पाणी तर बाटलीजवळही आणू नका, त्यातल्या क्लोराइडने सगळं दुधाळ होतं. डिस्टिल्ड पाणी करताना थंडाव्यासाठी त्याहून किती तरी जास्त पाणी वाहून जातं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या गावाला हे बघवत नाही. आम्ही ते पाणी टाकीत धरतो आणि झाडांना घालतो.

आणि हे ‘पर्यावरणपूरक’ प्रकरण. अहवालात पोरं तो शब्द पहिल्या ओळीत लिहितात, मी दर वेळी त्याखाली रेघ मारतो. जिलेटिन निसर्गात कुजतं, ग्लुकोज निरुपद्रवी, पाणी हेच द्रावक, इथपर्यंत मान्य. पण चांदी जंतू मारते म्हणून तर आपण तिचं कौतुक करतो. तीच चांदी बेसिनमधून गटारात गेली तर तिथल्या उपयोगी जिवाणूंनाही सोडणार नाही. बेसिनशेजारी उरलेल्या द्रावणासाठी वेगळी बाटली ठेवा. न वापरलेलं सिल्व्हर नायट्रेट मिठाच्या पाण्याने साक्यात बसवता येतं. कण झालेलं द्रावण तसं बसत नाही, ते साठवून घातक कचऱ्यातच द्यावं लागतं.

पीएच.डी.वाल्यांनी हे जिलेटिन घेऊ नये. पाकिटागणिक माल बदलतो, बहुतेकांवर ब्लूम नंबरही (जेलच्या जोराचा आकडा) छापलेला नसतो, आणि परीक्षकाने जिलेटिन ए प्रकारचं (आम्लाने काढलेलं) की बी (अल्कलीने काढलेलं) असं विचारलं तर उत्तर नाही. बाकी प्रात्यक्षिकासाठी १०० ग्रॅमचं एक सीलबंद पाकीट आणा, अख्खी बॅच होऊन उरतं.